वूलवर्थ आणि क्रेस: आय-40 वरची पाच-दहा सेंटची दुकानं

नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी-मॉरिसव्हिलच्या पट्ट्यात मराठी घरं पुष्कळ. पाहुणे आले की गाडी एकतर समुद्राकडे निघते, नाहीतर ब्लू रिजच्या डोंगरांकडे. डोंगराकडे जाणार असाल तर आय-40 महामार्गाच्या वाटेत डरहॅम आणि ग्रीन्सबरोला थांबून मग अ‍ॅशव्हिल गाठा. तिन्ही गावांत अमेरिकेतल्या जुन्या 'फाइव्ह अँड डाइम' दुकानांच्या इमारती अजून उभ्या आहेत. आम्ही हा रस्ता मुद्दाम त्यांच्यासाठी केला.

ही दुकानं म्हणजे आपल्या जत्रेतल्या 'हरेक माल'वाल्याचा थोरला अवतार. फ्रँक वूलवर्थचं युटिकातलं पहिलं दुकान 1879 साली काही महिन्यांतच बसलं, पण त्याच वर्षी जूनमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला उघडलेलं चाललं. तोवर माल दुकानदाराच्या पाठीमागे फळीवर असायचा. तो मागायचा, भाव विचारायचा. वूलवर्थने सगळं टेबलांवर उघडं मांडलं. हात लावा, उलटून बघा, भाव ठरलेला. दहा सेंटची मर्यादा त्याच्या कंपनीने 1932 पर्यंत पाळली, 1935 मध्ये ती पुरती सोडली.

डरहॅमला फार वेळ लागत नाही. मेन आणि मँगम रस्त्यांच्या कोपऱ्यावर क्रेसची, म्हणजे वूलवर्थसारख्याच दुसऱ्या दुकानसाखळीची, 1930 च्या दशकातली इमारत आहे. खाली दुकानं, वर फ्लॅट. फुटपाथवरून सरळ समोर पाहिलंत तर काहीच दिसणार नाही. रस्ता ओलांडून पलीकडे जा आणि मान वर करा. सॅम्युएल क्रेसने न्यूयॉर्कमध्ये स्वतःचं वास्तुरचना खातंच ठेवलं होतं. एडवर्ड सिबर्ट तिथे 1929 पासून होता आणि देशभरात क्रेसची पन्नासहून अधिक दुकानं त्याच्या हातची आहेत. दहा सेंटचे बटण-दोरे विकणारा माणूस गावातली सर्वांत देखणी इमारत बांधायचा! ते परवडायचं कसं, तर तेराकोटामुळे. दगड कोरायला कारागीर लागतो. इथे माती साच्यात दाबली, रंगीत झिलई दिली, भाजली की झालं. एकाच साच्यातून हवी तेवढी फुलं निघतात. झिलईमुळे धूळही फारशी धरत नाही. दुर्बीण असेल तर न्याच. बरंचसं काम वरच्या मजल्यांवर आहे.

डरहॅमचं वूलवर्थ मात्र पाडलं गेलं. त्या जागी आता काचेचा उंच टॉवर आहे.

ग्रीन्सबरो तिथून साधारण तासाभरावर. साउथ एल्म स्ट्रीटवरचं 1929 चं वूलवर्थ आता इंटरनॅशनल सिव्हिल राइट्स सेंटर अँड म्युझियम आहे. बाहेरून इमारत क्रेसच्या मानाने साधीच. लाल पट्टीवर सोनेरी अक्षरांत कंपनीचं नाव. बघायचं आहे ते आत. 1 फेब्रुवारी 1960 ला नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी कॉलेजचे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी, एझेल ब्लेअर, डेव्हिड रिचमंड, फ्रँकलिन मॅकेन आणि जोसेफ मॅक्नील, इथे आले. आधी टूथपेस्टसारख्या किरकोळ वस्तू घेतल्या, पावती जपून ठेवली आणि मग गोऱ्यांसाठी राखलेल्या लंच काउंटरवर जाऊन बसले. कॉफी मिळाली नाही. दुकान बंद होईपर्यंत ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी वीसहून अधिक जण आले. 25 जुलैला काउंटर सर्वांना खुला झाला, आणि तिथे पहिल्यांदा जेवले ते त्याच दुकानात काम करणारे कृष्णवर्णीय कर्मचारी. कालवर त्यांना तिथे बसून खाता येत नव्हतं.

काटकोनात वळलेला तो काउंटर जागेवरच आहे. चकचकीत खांबांवरच्या गोल खुर्च्या जमिनीत घट्ट रोवलेल्या, एकमेकींना इतक्या खेटून की शेजाऱ्याचा कोपर लागावा. एका काउंटरला ज्याचे पैसे चालले त्याला दुसऱ्या काउंटरला बसू द्यायचं नाही, हा प्रकार किती हास्यास्पद होता हे पुस्तकात वाचून एवढं कळत नाही, तिथे दोन्हीमधलं अंतर पाहिलं की कळतं.

म्युझियम गाइडबरोबर बघायचं असतं, त्यामुळे वेळ आणि सुटीचे वार आधी वेबसाइटवर बघून तिकीट काढून ठेवा. एका दालनात वर्णद्वेषी हिंसेची फार भयंकर छायाचित्रं आहेत. लहान मुलं बरोबर असतील तर गाइडला सुरुवातीलाच विचारा. बाहेर आल्यावर त्याच रस्त्यावर चार पावलांवर इथली क्रेस इमारतही दिसेल.

अ‍ॅशव्हिलला पावणेतीन तास धरा. ओल्ड फोर्टनंतरचा चढ वळणांचा आहे आणि ट्रक रांगत असतात. अंधारात टाळलेला बरा. पॅटन अ‍ॅव्हेन्यूवरची क्रेस इमारत ही या प्रवासातली माझी सर्वांत आवडती: सायीच्या रंगाच्या भिंती, त्यावर रंगीत फुलांच्या चकत्या. तिरपं ऊन असताना जा. एवढं जुनं अ‍ॅशव्हिल टिकलं त्याचं कारण गंमतशीर आहे. 1930 मध्ये बँका बुडाल्या, शहर कर्जात रुतलं आणि ते कर्ज फिटायला 1976 उजाडलं. बाकीची शहरं जुनं पाडून नवं बांधत होती तेव्हा यांच्याकडे पैसेच नव्हते.

जेवण हेवूड स्ट्रीटवर करा. तिथलं जुनं वूलवर्थ आता 'वूलवर्थ वॉक' नावाचं स्थानिक कलाकारांचं दालन आहे आणि आत जुन्या पद्धतीचा सोडा फाउंटन, म्हणजे सोडा-आइस्क्रीमचा काउंटर, उभारलाय. शाकाहारी माणसाचं चीज सँडविच आणि आइस्क्रीम फ्लोटवर भागतं. गाडी एखाद्या पार्किंग डेकमध्ये लावा आणि बाकी सगळं पायी करा. शनिवारी रस्त्यावर जागा शोधण्यात अर्धा तास जातो.

पुढे कधी वॉशिंग्टनला गेलात तर स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहासाच्या म्युझियममध्ये ग्रीन्सबरोच्याच काउंटरचा चार खुर्च्यांचा तुकडा आहे. तिथे तिकीट लागत नाही. पण शक्य असेल तर आधी ग्रीन्सबरो करा; तिथे काउंटरभोवती दुकान आहे.