सॅन्ट्रोचा टायमिंग बेल्ट: वरून धड, खालून गेलेला

माझ्या जुन्या सॅन्ट्रोच्या डागडुजीबद्दल मागच्या नोंदीत मी ऐटीत लिहिलं होतं की आता डाव्या दाराची रबरं आणि सीट कव्हरं एवढंच राहिलंय, गाडी तयार. त्यानंतर अकराव्या दिवशी गाडी खानापूरच्या वाटेवर, गणेबैल टोलनाक्याच्या अलीकडे बंद पडली.

कशी बंद पडली ते नीट सांगतो, कारण सगळं उत्तर त्यातच होतं. चौथ्या गिअरमध्ये साठच्या आसपास होतो. गचका नाही, धूर नाही, खडखड नाही. बल्ब उडतो तसं इंजिन गेलं. डॅशबोर्डवर बॅटरीचा आणि ऑइलचा दिवा लागला आणि गाडी आपल्याच जोरावर पुढे जात राहिली. पेट्रोल संपत आलं किंवा पंप मरायला लागला की गाडी आधी आचके देते, दम खाते, हे मला पाठ आहे. त्या घडीला आठवलं नाही. क्लच दाबायलाही उशीर केला, म्हणजे तेवढा वेळ चाकंच क्रँक (पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो इंजिनचा मुख्य दांडा) फिरवत होती. कडेला घेतल्यावर चावी मारली. एकदा नाही, चार वेळा.

स्टार्टर फिरत होता, पण आवाज वेगळा. नेहमी 'घुर्र-घुर्र' असा अडत अडत येतो, तो अडणं म्हणजे पिस्टन हवा दाबतोय. इथं सरळ 'भर्रर्र', शिवणयंत्र रिकामं चालवल्यासारखं. मला वाटलं, बॅटरी चांगली चार्ज झालीय. धन्य.

एक पिकअपवाला थांबला. "एनात्री?" (काय झालं?) म्हणाला, बॉनेटमध्ये डोकावला आणि "पंप होगैत्री" (पंप गेलाय) असा निकाल देऊन दोर काढला. पिरनवाडीपर्यंत ओढून आणलं, पैसे घेतले नाहीत, चहा मात्र दोनदा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्चमध्ये काम सुरू. आधी पंप, कारण डोक्यात तेच बसलेलं. चावी ऑन केली की मागून दोन सेकंद 'ऊंऽऽ' येत होतं. प्लग काढले, ओले होते, पेट्रोलचा वास. प्लग बॉडीला टेकवून धाकट्या भावाला स्टार्टर मारायला लावला, ठिणगी पडली. पेट्रोल आहे, ठिणगी आहे, तरी इंजिन पेटत नाही. मग उरतं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने हवा दाबणं. व्हॉल्व्ह (हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा) वेळेवर मिटले नाहीत तर हवा दाबली जात नाही. ते उघडतो वरचा कॅम नावाचा दांडा, आणि खालच्या क्रँकवरून कॅमला फिरवतो तो दातेरी टायमिंग बेल्ट.

टायमिंग बेल्टचं वरचं कव्हर दहाच्या सॉकेटने निघतं. काढलं, टॉर्च मारला, बेल्ट जागेवर. तुटलेला नाही, सैल नाही, दातसुद्धा दिसताहेत. इथं मी कव्हर परत लावायच्याच बेतात होतो. आमच्या मेस्त्रींना फोन केला तर ते म्हणाले, "बेल्ट दिसला म्हणजे फिरतोय असं होतंय काय? चावी मारून कॅमचा गिअर बग की." धाकट्याने चावी मारली. खाली इंजिन भर्रर्र फिरतंय आणि वर कॅमचा गिअर देवळातल्या दगडी नंदीसारखा. तसूभरही हलला नाही.

खालचं कव्हर काढायला दीड तास गेला, कारण आधी क्रँक पुली उतरवावी लागते आणि तिचा बोल्ट पान्याला पाइप घालूनही जुमानत नव्हता. शेवटी गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकली, धाकटा ब्रेकवर उभा राहिला, तेव्हा तो 'टक्' करून सुटला. आत बघतो तर क्रँकच्या छोट्या गिअरला बेल्ट जिथं वळसा घालतो तिथले आठ-नऊ दात साफ तासलेले, खालून काळा चुरा. बोट फिरवलं तर गुळगुळीत आणि चिकट. चिकट होतं ते ऑइल. कॅमच्या सीलमधून (ऑइल अडवणाऱ्या रिंगेतून) झिरपून बेल्टवर उतरत होतं, किती महिने कोण जाणे. ऑइल प्यायलेलं रबर मऊ पडतं आणि दात मुळापासून सुटतात, त्यामुळे माणसं 'बेल्ट तुटला' म्हणतात तेव्हा पुष्कळदा तो असा दात गाळून बसलेला असतो. दोष माझाच. गाडी २००६ ची, माझ्याकडे येऊन तीन वर्षं झाली, आणि आधीच्या मालकाने बेल्ट कधी बदलला हे मी विचारलंही नव्हतं. रंग कुठला लावायचा यावर मात्र दोन महिने घालवले.

आता खरा प्रश्न: व्हॉल्व्ह वाकले का? हे १०८६ सीसीचं इंजिन 'इंटरफेरन्स' जातीचं आहे. म्हणजे उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेवर येतात, फक्त वेगवेगळ्या वेळी. ती वेळ सांभाळायचं काम बेल्टचं. एका सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह, दोन आत घेणारे, एक बाहेर सोडणारा. एकूण बारा.

मेस्त्री म्हणाले थेट हेड (सिलिंडरांवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरव. मला आधी खात्री हवी होती, म्हणून हा उद्योग केला. बेल्ट काढून टाकला. क्रँक खुणेपासून (तिथं दोन पिस्टन अगदी वर असतात) पाव फेरा मागे नेला, म्हणजे चारही पिस्टन अर्ध्यावर येतात आणि कॅम हाताने फिरवला तरी कुणी कुणाला धडकत नाही. (हे ज्यांना करायचंय त्यांनी पाठच करा. खुणेवर ठेवून कॅम फिरवलात तर उरलेसुरले व्हॉल्व्हही जातील.) गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मग कॅम एकेका सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद होतील असा फिरवून प्लगच्या भोकातून हवा सोडली. कॉम्प्रेसर शेजारच्या पंक्चरवाल्याचा, दाब तीस पीएसआयच्या आसपासच ठेवला.

एक नंबर: नुसती बारीक सूंसूं, म्हणजे ठीक. दोन नंबर: तसंच. तीन नंबरला हवा सोडली तर थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या तोंडातून फुस्सकन बाहेर, म्हणजे आत घेणारे व्हॉल्व्ह बसत नाहीत. चारला सायलेन्सरला हात लावून बसलेला धाकटा ओरडला, "इकडून येतंय रे दादा!" म्हणजे बाहेर सोडणारा गेला. ऑइलच्या झाकणातून हवा आली असती तर पिस्टनच्या रिंगा गेलेल्या, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले असते तर हेड गॅस्केट. दोन्ही नव्हतं.

तीन आणि चारच का, यावर रात्री बराच वेळ कागद घेऊन बसलो. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. एक नंबर हवा दाबत असतो तेव्हा तीन हवा आत घेत असतो आणि चार धूर बाहेर टाकत असतो. दोनचा त्या वेळी पॉवर स्ट्रोक. म्हणजे कॅम थांबला त्या क्षणी फक्त तीनचे दोन आणि चारचा एक व्हॉल्व्ह उघडे होते. एक आणि दोनचे बंद असल्याने वाचले. हिशेबाने तीन व्हॉल्व्ह वाकलेले निघायला हवेत.

पुढच्या रविवारी हेड उतरवलं. तीनच निघाले. पिस्टनवर नखाएवढ्या चंद्रकोरी उमटल्या होत्या, भेग नाही. वाकलेला व्हॉल्व्ह टेबलावर घरंगळवला की त्याचं डोकं थरथरतं, बाबांना ते इतकं आवडलं की एक त्यांनी ठेवून घेतला.

हेड उद्यमबागेत दिलं. बेळगावात राहण्याचा हा एक फायदा, फाउंड्री आणि मशीन शॉपना तोटा नाही. तळ सपाट करून, व्हॉल्व्हचे गाइड (दांडी सरकते ती नळी) आणि सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) तपासून तीन दिवसांत परत मिळालं. व्हॉल्व्ह घासायचं काम मी घरीच केलं. पेस्टचा ठिपका, रबरी चोखणीची काडी, दोन तळव्यांत ताक घुसळल्यासारखं मागेपुढे. सुरुवातीला करकर आवाज येतो, मग तो मऊ होत जातो. पुसून बघितलं की सीटवर करड्या रंगाचं सलग कडं दिसायला हवं. एका ठिकाणी तुटक होतं, तिथं आणखी वीस मिनिटं गेली. मग हेड उलटं ठेवून, प्लग बसवून, खळग्यांत रॉकेल ओतलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी पोर्ट (व्हॉल्व्हमागच्या वाटा) कोरडे, म्हणजे गळती नाही.

जोडणीबद्दल थोडक्यात: नवीन गॅस्केट, हेडचे बोल्ट मधून बाहेर टप्प्याटप्प्याने, कॅम आणि क्रँक दोन्ही सील नवीन, बेल्टसोबत तो ताणून धरणारं टेन्शनर बेअरिंगही. जुनं बेअरिंग हातात फिरवलं तर वाळू घातल्यासारखं वाजत होतं. खुणा जुळवून बेल्ट चढवला आणि क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा परत बघितल्या. पहिल्यांदा कॅम एक दात पुढे निघाला. परत काढला, परत चढवला.

परवा संध्याकाळी चावी मारली. 'घुर्र-घुर्र', अडत अडत, आणि दुसऱ्याच घुर्रला पेटली. पण आयडल (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिनचे मिनिटाचे फेरे) वरखाली, हजार, सतराशे, परत हजार. पोटात गोळा आला. अर्ध्या तासाने सापडलं: इनटेकच्या मागची व्हॅक्यूमची बारकी नळी लावायचीच राहिली होती.

आतापर्यंत पस्तीस किलोमीटर चालवलीय, मच्छे आणि देसूरच्या पलीकडे नेलेली नाही. कॅमचं सील रोज टॉर्चने बघतो, कोरडं आहे. वरच्या कव्हरवर मार्करने तारीख आणि मीटरचा आकडा लिहिलाय. पाचशे झाले की ऑइल बदलून प्लगचे फोटो टाकतो. डाव्या दाराची रबरं अजून डिकीतच आहेत.