ओरिएंटेशन पुरे, शोधाचा तास घ्या

प्रवेश उरकले की बहुतेक महाविद्यालयांत 'लायब्ररी ओरिएंटेशन' होतं. शंभर-दीडशे मुलं सभागृहात, पडद्यावर ग्रंथालयाच्या वेळा, दंडाचे दर आणि डेटाबेसचे लोगो. त्यातला दंड तेवढा लक्षात राहतो. यात मुलांचा दोष नाही, कारण त्या दिवशी त्यांच्यापाशी शोधण्यासारखं काही नसतंच. प्रकल्पाचे विषय ठरले की त्याच आठवड्यात, वीस-पंचवीस मुलांना संगणक कक्षात बसवून संदर्भ शोधायला शिकवण्यासाठी दीड तास द्या. विषय शिकवणारे प्राध्यापकही समोर हवेत. ते नसतील तर मुलं हा तास मोजतच नाहीत.

पहिली वीस मिनिटं संगणक बंद, फक्त कागद. समजा विषय आहे 'बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिला कामगारांचे आरोग्य'. मुलं हे अख्खं वाक्य गूगलमध्ये टाकतात आणि 'सर, यावर काहीच नाही' म्हणतात. तेव्हा विषयाचे तीन रकाने करायला लावा: कोण, काय, कुठे. 'कोण'खाली ऊसतोड कामगार, ऊसतोडणी मजूर, हंगामी स्थलांतरित. 'काय'खाली आरोग्य, गर्भाशय शस्त्रक्रिया, मासिक पाळी. शेजारी इंग्रजी शब्दही हवेत, आणि तिथे केन कटर, केन हार्वेस्टर अशी दोन्ही रूपं लिहायची. एका रकान्यातले पर्याय 'ऑर'ने (यातला कोणताही चालेल) जोडायचे, रकाने एकमेकांना 'अँड'ने (सगळे हवेत), आणि जोडशब्द अवतरणचिन्हांत. हे 'अँड', 'ऑर' रोमन मोठ्या लिपीत (AND, OR) टाइप करण्याची सवय लावा. गूगल स्कॉलरमध्ये छोट्या लिपीतला 'ऑर' कामाचा नाही.

मराठीतून शोधताना वेगळीच गोची होते. ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये काही नोंदी देवनागरीत, काही रोमनमध्ये; एकच आडनाव कुठे कोसंबी, कुठे कोसांबी. म्हणून शून्य निकाल आला तर आधी लेखन बदलून पाहायचं, मगच पुस्तक नाही असं म्हणायचं. शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात तर जुने मराठी प्रबंध बिगर-युनिकोड फाँटात किंवा नुसते स्कॅन केलेले सापडतात. डोळ्यांना अक्षरं स्वच्छ दिसतात, पण यंत्राच्या लेखी तिथे मराठी नसतंच. अशा वेळी शीर्षक आणि विभाग यांवरून शोधावं. प्रबंध प्रकरणवार वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतो. आधी अनुक्रमणिका उघडावी, मग थेट संदर्भसूची. चांगल्या सूचीतून पुढचे दहा स्रोत मिळतात, आणि ही सवय लागली तर दीड तास वसूल झाला.

मग मूळ स्रोताकडे जाणं. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांबाबत २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. मुलं बातमीतला आकडा उचलतात. तो आकडा समितीचा, सर्वेक्षणाचा की संघटनेचा, किती महिलांना विचारून काढलेला, हे बातमीच्या पुढे गेल्याशिवाय कळत नाही.

एआयने दिलेल्या संदर्भांसाठी पंधरा मिनिटं राखून ठेवा. प्रत्येकाने पाच संदर्भ मागवायचे आणि डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, तपासायचा. दुवा उघडला म्हणजे संदर्भ खरा, असं नाही. खऱ्या डीओआयवर भलताच लेख निघतो. शीर्षक, लेखक आणि वर्ष, तिन्ही जुळायला हवीत.

वाङ्मयचौर्यावरचं व्याख्यान मात्र आवरतं घ्या. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, एवढंच मुलांच्या कानावर असतं आणि ती त्याला कोटा समजतात. इंग्रजी लेख मराठीत उतरवला की सॉफ्टवेअर बहुधा गप्प बसतं, तरी ती चोरीच. शिवाय २०२५ मध्ये यूजीसीने मान्य संशोधनपत्रिकांची केअर यादी बंद केली. जुन्या स्लाइड्सवरून ती काढून टाका.

शेवटी बहुपर्यायी चाचणी नको. प्रकल्पासोबत एक पानी शोधनोंद मागा: कोणते शब्द, कुठे टाकले, किती निकाल आले, काय टाकून दिलं आणि का. तिला प्राध्यापकांनी वीसपैकी पाच गुण द्यावेत. गुणांशिवाय कुणी लिहीत नाही. आणि ती प्रकल्प जमा होण्याच्या तीन आठवडे आधी घ्यावी, नाहीतर आदल्या रात्री एकाची नोंद दहा जण उतरवतात.