मिलिंगसाठी वाइस शोधताना

आज बुधवार, म्हणजे पुण्याचा जुना बाजार. घरच्या छोट्या मिलिंग मशीनसाठी (फिरत्या कटरने धातू कापणारं मशीन) वाइस, म्हणजे तुकडा घट्ट धरणारा शिकंजा, बघायला गेलो. आधी एक ६ इंची धूड समोर आलं, भावही मोहात पाडणारा. पण माझं टेबल ते केवढंसं! उंची खाणार, वर पुढे लोंबणार. आपल्याला ३ इंची बास.

दुसरा मापाचा होता. विकणारे काका म्हणाले, "कडक माल आहे, साहेब." लोखंडाचा तुकडा धरून आवळला आणि हलत्या जॉच्या (जबड्याच्या) बुडाशी बोट ठेवलं. जॉ चक्क वर उचलत होता! ड्रिलिंगला चालेल हो, मिलिंगला जॉब (कापायचा तुकडा) तिरका बसणार. अँगल-लॉक वाइसमध्ये यासाठीच अर्धगोल तुकडा असतो. आवळताना जॉ पुढे सरकतो आणि खालीही दाबला जातो.

शेवटी नाना पेठेत ग्राइंड केलेला, लांब स्क्रू नसलेला टूलमेकर वाइस घेतला. माप बदललं की खालची पिन दुसऱ्या खाचेत अडकवायची, ही कटकट आहेच. पण जॉब आवळल्यावर खालचे पॅरलल (जॉबखाली ठेवायच्या सारख्या उंचीच्या पट्ट्या) बोटाने हलत नाहीत, अजून काय पाहिजे?

उद्या डायल (बारीक फरक दाखवणारं मापक) लावून फिक्स जॉ सरळ करायचा. कुणाकडे १२ मिमी स्लॉटचे टी-नट (टेबलाच्या खाचेत बसून वाइस धरणारे नट) जादा पडलेत का?