स्टोरी नेमकी कुठे अडकली होती?

आमची सॉफ्टवेअर टीम ठरावीक मुदतीच्या टप्प्यांत, म्हणजे स्प्रिंटमध्ये, काम करते. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटचा तो शेवटचा दिवस होता आणि दुपारच्या रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये, म्हणजे स्प्रिंट कसा गेला ते पाहण्याच्या बैठकीत, पडद्यावर आमच्या टीमचा कामांचा बोर्ड उघडलेला होता. नियोजनात घेतलेल्या नऊ स्टोरींपैकी (स्टोरी म्हणजे वापरणाऱ्याच्या उपयोगाचे एक छोटे काम) चारच ‘पूर्ण’ या रकान्यात पोहोचल्या होत्या. उरलेल्या पाचांपैकी एकही पहिल्या रकान्यात पडून नव्हती. तीन टेस्टिंगमध्ये थांबल्या होत्या आणि दोन रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सहकाऱ्याने कोड तपासण्याच्या टप्प्यावर. हातच न लागलेले काम आणि अर्ध्यावर थांबलेले काम यांची कारणे अगदी वेगळी असतात, पण स्पिलओव्हरच्या, म्हणजे स्प्रिंटमध्ये न संपलेल्या कामाच्या, आकड्यात दोन्ही एकत्र मिसळतात, म्हणून स्क्रम मास्टर (स्क्रम या कार्यपद्धतीनुसार टीमचे काम नीट चालावे हे पाहणारी व्यक्ती) या नात्याने मला त्या दिवशी हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटली.

विभागप्रमुखांनी सुरुवातीलाच थेट विचारले, “आपले अंदाज चुकतात, की माणसे कमी पडतात?” त्यावर चर्चा सुरू होणार, एवढ्यात टीममधली सर्वांत नवी डेव्हलपर म्हणाली, “माझा कोड पहिल्या मंगळवारीच तयार होता. मग माझी स्टोरी अपूर्ण कशी?” तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, तिला ते खरोखरच उलगडत नव्हते. मी ठरलेला कार्यक्रम बाजूला ठेवला, तिच्या स्टोरीच्या कार्डाचा इतिहास उघडला आणि त्यातली एकेक नोंद सगळ्यांसमोर वाचायला घेतली.

ग्राहकाला त्याच्या परताव्याची सद्यस्थिती दाखवण्याची ती तीन पॉइंटांची, म्हणजे कष्टाच्या अंदाजाने तीन गुणांची, स्टोरी होती. सोमवारी काम सुरू झाले आणि मंगळवारी संध्याकाळी पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोड तपासून सामील करून घेण्याची विनंती, आली. तो भाग तपासू शकणारे दोघेही सीनियर डेव्हलपर आपापल्या मोठ्या स्टोरींमध्ये गुंतलेले असल्यामुळे रिव्ह्यू झाला तो थेट शुक्रवारी. सुचवलेल्या दुरुस्त्या तासाभराच्याच होत्या, पण त्या करताना एक प्रश्न निघाला: रक्कम अंशतः परत केलेली असेल, तर कोणती स्थिती दाखवायची? काय बनवायचे ते ठरवणारे प्रॉडक्ट ओनर ग्राहकांच्या बैठकांमध्ये अडकले होते, त्यामुळे उत्तर पुढच्या मंगळवारी मिळाले. दरम्यान रिकामे बसणे बरे दिसत नाही म्हणून तिने दुसरी स्टोरी हातात घेतली होती. ती स्टोरी अर्धवट सोडून ती परत पहिलीकडे आली आणि बुधवारी कोड मर्ज झाला, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळला गेला. टेस्ट एन्व्हायर्नमेंट (कोड चालवून तपासण्याची व्यवस्था) मात्र दुसऱ्या टीमच्या डिप्लॉयमेंटमुळे, म्हणजे नवी आवृत्ती बसवण्यामुळे, गुरुवारी दुपारपर्यंत बंद होते, आणि ते सुरू झाले तेव्हा आमच्या एकमेव टेस्टरकडे अनेक स्टोरी एकदमच येऊन पडल्या.

आम्ही तिथेच बेरीज केली. कामाला प्रत्यक्ष हात लागलेला वेळ अडीच दिवसांपेक्षाही कमी भरला. बाकी सगळा वेळ कुणाची तरी वाट पाहण्यात गेला होता. म्हणजे तीन पॉइंटांचा अंदाज चुकलेला नव्हताच, कारण तो कष्टाचा अंदाज होता. थांबण्याचा अंदाज कुणी केलेला नव्हता.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये दाखवून दिले होते की, आधीचा अनुभव विरुद्ध असूनही माणसे आपल्या कामाला लागणारा वेळ कमीच धरतात. ते खरे आहे, आमच्याही काही स्टोरींबाबत ते घडते. पण या कार्डाच्या इतिहासात त्याचा पुरावा नव्हता. माणसे वाढवण्याबद्दल संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्येच बजावले होते की, उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात नवी माणसे घातली तर उशीर आणखी वाढतो. आमच्याकडे आणखी दोन डेव्हलपर आले असते, तर त्याच टेस्टरपुढची रांग लांबली असती, एवढेच.

या रांगेचे गणित विभागप्रमुखांना मी फळ्यावर मांडून दाखवले. कामे अनियमितपणे येत असतील आणि ती हाताळणारी व्यक्ती एकच असेल, तर रांगेच्या सर्वांत साध्या सूत्रानुसार ती व्यक्ती 80 टक्के व्यग्र असताना प्रत्येक कामाला सरासरी एका कामाच्या वेळेच्या चौपट थांबावे लागते. 90 टक्क्यांवर नऊपट आणि 95 टक्क्यांवर एकोणीसपट. आम्ही मात्र प्रत्येकाची क्षमता शंभर टक्के भरेल असेच नियोजन करत होतो आणि त्यालाच काटेकोरपणा समजत होतो.

डेली स्टँडअपमध्ये, म्हणजे रोज सकाळच्या छोट्या बैठकीत, हे कधीच का दिसले नाही, हा प्रश्न मला अजूनही महत्त्वाचा वाटतो. रोज सकाळी प्रत्येक जण “रिव्ह्यूमध्ये आहे, ब्लॉकर नाही”, म्हणजे अडथळा नाही, असे सांगत होता आणि त्यातले प्रत्येक विधान खरे होते. आम्ही माणसांना एकेक करून विचारत होतो आणि प्रत्येक माणूस कामात होता. थांबलेले होते ते काम, आणि त्याच्या वतीने बोलणारे तिथे कुणीच नव्हते.

अपूर्ण स्टोरींचे झालेल्या कामापुरते पॉइंट याच स्प्रिंटमध्ये मोजावेत, असे एकाने सुचवले. मी त्याला ठाम विरोध केला. पूर्णत्वाची ठरलेली व्याख्या न पाळणारे काम स्प्रिंट रिव्ह्यूमध्ये (स्प्रिंटअखेर झालेले काम दाखवण्याच्या बैठकीत) दाखवायचेही नाही, ते पुन्हा प्रॉडक्ट बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, जाते, असे स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेत, 2020 च्या स्क्रम गाइडमध्ये, स्पष्ट म्हटले आहे, आणि मला ते पटते. अर्धे पॉइंट दिले की व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेल्या पॉइंटांची बेरीज) चांगली दिसते आणि त्याच आकड्यावर पुढचा स्प्रिंट पुन्हा गच्च भरला जातो.

पुढच्या स्प्रिंटमध्ये आम्ही सहाच स्टोरी घेतल्या आणि एका वेळी तीनपेक्षा जास्त हातात ठेवायच्या नाहीत असे ठरवले. स्टँडअपमध्ये माणसांऐवजी बोर्ड वाचायला लागलो, तोही उजवीकडून, म्हणजे पूर्णत्वाच्या सर्वांत जवळ असलेल्या स्टोरीपासून. हात रिकामा झालेल्याने नवे काम उचलण्याआधी रिव्ह्यू पाहायचा किंवा टेस्टरला मदत करायची, हे सीनियर मंडळींना सुरुवातीला जड गेले, कारण स्वतःच्या नावावरच्या स्टोरींनी काम मोजण्याची सवय सहजासहजी सुटत नाही. प्रॉडक्ट ओनरनी रोज दुपारी अर्धा तास फक्त प्रश्नांसाठी राखून ठेवला.

त्या स्प्रिंटमध्ये पाच स्टोरी पूर्ण झाल्या. सहावी राहिली, कारण मध्येच प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहक वापरत असलेल्या प्रणालीत, गंभीर बिघाड झाला आणि दोघांना तिकडे जावे लागले; पण ती पहिल्या रकान्यातच होती, तिच्यात कुणाचे कष्ट अडकून पडलेले नव्हते. टेस्ट एन्व्हायर्नमेंटचा प्रश्न मात्र एकट्या आमच्या टीमच्या हातातला नाही. दोन्ही टीमच्या डिप्लॉयमेंटच्या वेळा आधीच ठरवून घ्याव्यात, असा प्रस्ताव मी परताव्याच्या त्या कार्डाचा इतिहास जोडून दुसऱ्या टीमला पाठवला आहे आणि त्यावर त्यांच्याशी बोलणी चालू आहेत.