आमची वाटचाल: एका चुकीच्या भोकाची गोष्ट

व्हर्जिनियात, घराच्या गॅरेजमध्ये आम्ही मॉडेल रॉकेटचं सामान तयार करतो. कागदी नळ्या मापात कापायच्या, पंखांसाठी खाचा पाडायच्या, बाल्सा या हलक्या लाकडाचे पंख कापून द्यायचे. सुरुवात मुलाच्या हौसेपायी झाली. पहिली दोन वर्षं मी नोकरीवरून आल्यावर रात्री कापाकापी करायचो, हिशेब हिच्याकडे. धंद्याला खरं वळण लागलं ते माझ्याच हातून पडलेल्या एका भोकामुळे.

इथून जवळच, द प्लेन्स गावच्या ग्रेट मेडो मैदानावर, शाळकरी मुलांच्या ‘अमेरिकन रॉकेट्री चॅलेंज’ची अंतिम फेरी होते. ही स्पर्धा २००३ पासून चालू आहे. कच्चं अंडं रॉकेटमधून वर न्यायचं आणि न फुटता खाली आणायचं. एका टीमचं रंगवून तयार झालेलं रॉकेट माझ्याकडे आलं. उंचीमापकाच्या बटणासाठी वरच्या नळीला १० मिलिमीटरचं भोक हवं होतं. मी ते खालच्या नळीला, नेमकं पॅराशूटच्या कप्प्यावर पाडलं.

मोटर, म्हणजे रॉकेटचं जळणारं इंजिन, विझल्यावर काही सेकंदांनी तिच्यातली थोडी बंदुकीची दारू पुढच्या बाजूला पेटते. त्या वायूच्या दाबाने रॉकेटचा पुढचा भाग सुटतो आणि पॅराशूट बाहेर पडतं. दाब भोकातूनच निसटला तर पॅराशूट आत राहतं आणि रॉकेट नाकावर आदळतं. शिवाय ६६ मिलिमीटर व्यासाच्या या नळीची भिंत जेमतेम अर्धा मिलिमीटर. जोर आला की ती भोकापाशीच दुमडणार. उड्डाणाला चार दिवस होते. मी शिक्षकांना फोन करून चूक सांगितली.

तेव्हा बाबा कोल्हापूरहून आले होते. चाळीस वर्षं त्यांनी बुक बाइंडिंग केलं. मी भोकात लांबी (पुट्टी) भरायला घेतली तशी त्यांनी हात धरला. “अरे, नुसती लांबी टिकायची नाही. कागदाला कागदच लाव, त्याच जातीचा.”

स्पर्धेत बांधणी मुलांच्याच हातची लागते, म्हणून मुलांनाच बोलावलं. बाबा मराठीत सांगत होते, मी इंग्रजीत. आधी नव्या पात्याने भोकाची कड गोल साफ केली. नळ्या जोडायच्या कपलरचा भोकापेक्षा चांगला मोठा तुकडा कापला आणि पॅराशूट कुठे अडकू नये म्हणून त्याच्या कडा पॉलिश पेपरने पातळ केल्या. त्याला लाकडाचा पिवळा गोंद लावून काठीने आत सरकवला. आता आतून दाबायचं कसं? एका मुलीने फुगा आत घालून फुगवला, तुकडा गच्च बसला. बाबांनी तिच्या पाठीवर थाप मारली.

सकाळी त्याच मापाच्या नळीतून कापलेली गोल टिकली बाहेरून बसवली. गोलाई तीच, त्यामुळे फट केसाएवढी. उभे राहिलेले तंतू पातळ सुपरग्लूने कडक केले, फटीत पाण्यात सैल केलेली लाकडाची लांबी भरली. वाळल्यावर २२० आणि मग ४०० नंबरचा पेपर, प्रायमर, रंग. स्पर्धेत वजनाला मर्यादा असते म्हणून काट्यावर ठेवलं. तीन ग्रॅम वाढले होते. चौथ्या दिवशी पॅराशूट वेळेवर उघडलं, अंडं शाबूत.

त्या मुलांनी बाहेर सांगितलं आणि दुरुस्तीची कामं येऊ लागली. आज निम्मं काम तेच आहे. भोक पाडण्याआधी पेन्सिलची खूण करून गिऱ्हाइकाला फोटो पाठवतो. आणि ऑर्डर गेली की तिच्या नळीचा वीतभर तुकडा नाव घालून डब्यात ठेवतो.