हेडसेटचे जॅक अखेर पाठीमागे गेले

गेले दोन शनिवार-रविवार एकही रिव्हेट मारला नाही. घरी बांधत असलेल्या माझ्या विमानात नुसता बसून होतो. गाद्या अजून तयार नाहीत, म्हणून खाली घडी घातलेलं ब्लँकेट, डोक्यावर हेडसेट, मांडीला नीबोर्ड (लिहायची पाटी), हातात विमान वळवायची स्टिक. घरातल्यांनी एकदा दारातून डोकावून पाहिलं आणि काही न बोलता दार ओढून घेतलं.

प्रश्न एवढाच होता की हेडसेटचे जॅक आणि चार्जिंगचे सॉकेट नक्की कुठे बसवायचे. माझ्या मूळ ड्रॉइंगमध्ये ते समोरच्या पॅनेलच्या खालच्या कडेला होते, चार भोकं एका रेषेत. कागदावर फार देखणं दिसत होतं. म्हणून ॲल्युमिनियम कापण्याआधी पुठ्ठ्याचं पॅनेल कापलं, त्यात खरे प्लग खोचले आणि बसून बघितलं.

प्लग रबरी मानेसकट जवळजवळ तीन इंच बाहेर येतो, हे डोक्यात आलंच नव्हतं. त्यापुढे केबलला वळायलाही जागा लागते. स्टिक पूर्ण उजवीकडे नेली की बोटं प्लगवर आपटत होती. शेजारच्या सीटवर उंच माणूस बसवला तर त्याचा गुडघा थेट प्लगला. तरीही कदाचित मी ते रेटून नेलं असतं, पण थ्रॉटल मागे ओढला आणि केबलचा लोंबता फास नॉबमध्ये अडकला. लँडिंगच्या वेळी हे होणार असेल तर देखणेपण चुलीत गेलं. पुठ्ठा फाडून टाकला.

मग बाजूची भिंत, कोपराजवळ. बहुतेक हेडसेटची केबल डाव्या कानातून निघते, त्यामुळे डाव्या सीटवाल्याची सोय उत्तम. उजव्या सीटवाल्याच्या मात्र छातीवरून केबल आडवी जाणार. शिवाय चढता-उतरताना पाय नेमका तिथूनच फिरतो, म्हणजे प्लग वाकणार आणि त्यामागचं सोल्डरिंग तुटणार. हाही बाद.

शेवटी सीटमागचा बल्कहेड, म्हणजे विमानातली आडवी भिंत, दोन सीटच्या मधोमध, खांद्याच्या जरा खाली. केबल पाठीमागून येते आणि पुढे काहीही लोंबत नाही. जॅकची तोंडं पुढच्या दिशेला ठेवली आहेत, खाली नाही आणि बाजूलाही नाही. कारण घाईत बाहेर पडताना हेडसेट काढायचं विसरलं तर प्लग सरळ ओढला जाऊन सुटायला हवा. ही चाचणी मी ठरवून केली नाही. चहाची हाक आली, मी हेडसेटसकट उठलो, आणि दोन्ही प्लग टपटप सुटले.

तोटा एकच, लावताना दिसत नाही. बायकोला उजव्या सीटवर बसवलं आणि म्हटलं, न बघता लाव. थोडी खुडबुड झाली आणि मग, "अरे, हा एक अगदी सैल बसतोय. आणि दुसरा तर शिरतच नाहीये!" बरोबरच आहे. कानाचा प्लग पाव इंच जाडीचा, माइकचा ०.२०६ इंच. बारीक प्लग मोठ्या भोकात बिनतक्रार जातो, उलटं होत नाही. म्हणून आता दोन्ही बाजूंना माइकचा जॅक खाली, आणि त्याच्या शेजारी इपॉक्सीचा एक टपोरा ठिपका. बोटाला लागतो. दुसऱ्या खेपेला तिने एका झटक्यात लावले.

बल्कहेडला जॅकसाठी थेट भोकं पाडली नाहीत. दोन छोट्या प्लेट केल्या, प्रत्येकी चार स्क्रू, मागे नटप्लेट (पत्र्याला पक्के बसवलेले नट). जागा चुकली तर प्लेट बदलायची, बल्कहेड नाही. वायरिंगलाही वीतभर सैल ठेवलंय, म्हणजे प्लेट पुढे ओढून समोर बसून सोल्डर करता येतं. सीटमागे डोकं घालून उलट्या हाताने सोल्डर करून बघितलं आहे, म्हणून सांगतोय.

आता जे जरूर करून बघा असं सांगेन ते. जॅकची बॉडी एअरफ्रेमला, म्हणजे विमानाच्या सांगाड्याला, टेकता कामा नये. त्यासाठी भोक जरा मोठं करून दोन्ही बाजूंनी इन्सुलेटिंग वॉशर घालतात, त्यातल्या एकाला कॉलर असते आणि ती भोकाच्या आत बसते. चारही जॅक कसले आणि वायर जोडण्याआधी मल्टिमीटर लावला, एक टोक जॅकच्या स्लीव्हला (बाहेरच्या धातूच्या नळीला), एक प्लेटला. तीन गप्प, चौथा पीं करून ओरडला. उघडून पाहिलं तर भोकाच्या मागच्या कडेला स्टेप ड्रिलने सोडलेली केसाएवढी बर (धातूची धारदार कड) कॉलर चिरून आत घुसली होती. भिंग घेतल्यावरच दिसली. बर काढली, वॉशर बदलला, मीटर गप्प.

एवढा खटाटोप का, तर ऑडिओची ग्राउंड, म्हणजे परतीची वाट, इंटरकॉमपाशी एकाच ठिकाणी मिळायला हवी. जॅकही एअरफ्रेमला टेकला तर परतीच्या दोन वाटा होतात आणि अल्टरनेटर, लुकलुकणारे स्ट्रोब दिवे यांचा कचरा कानात येतो. आरपीएमबरोबर चढत जाणारी ती शिट्टी ज्याने ऐकलीय तो वॉशरवर कंजुषी करत नाही. केबलवरची जाळी, म्हणजे शिल्डही, एकाच टोकाला जोडली आहे, इंटरकॉमच्या बाजूला. माइक आणि कान यांच्या केबल वेगळ्या. माइकच्या जॅकला टिप (प्लगचं टोक) म्हणजे पीटीटी, बोलताना दाबायचं बटण, रिंग (मधलं कडं) म्हणजे आवाज, स्लीव्ह म्हणजे कॉमन. टिप आणि रिंग उलटी लावणं ही आपल्या छंदातली सनातन चूक. कुठली पट्टी कशाला टेकते हे मी अंदाजाने ठरवत नाही. प्लग खोचतो आणि मीटरने बघतो.

नॉइज कॅन्सलिंग हेडसेटला विमानातूनच वीज देणाऱ्या सहा पिनांच्या जॅकसाठी प्लेटवर जागा राखली आहे, भोक अजून पाडलेलं नाही.

पॉवर सॉकेटबद्दल माझं मत थोडं कडक आहे. गाड्यांमधला गोल लायटर सॉकेट मी घेतलाच नाही. व्हायब्रेशनने प्लग हळूहळू बाहेर सरकतो, आणि तोंड वर असेल तर तळाशी उघडा बारा व्होल्ट एखाद्या स्क्रूची वाट बघत बसलेला असतो. त्याऐवजी दोन पोर्टचा यूएसबी, पॅनेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात. तिथे टॅब्लेट जवळ आणि कंपास लांब. पहिला चार्जर मी गाडीचा घेतला होता. हातातला रेडिओ शेजारी धरला, स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबणारी सोय) लावला, टॅब्लेटची बॅटरी मुद्दाम उतरवून तो जोडला आणि रेडिओचा स्क्वेल्च आपोआप उघडला, नुसती खरखर. चार्जरच्या आतलं स्विचिंग ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या विमानाच्या रेडिओच्या पट्ट्यात घुसत होतं. तो आता खरंच गाडीत आहे. विमानासाठी बनवलेला दुसरा घेतला, तो त्याच चाचणीत शांत राहिला.

चार्जर ४५ वॉटचा, म्हणजे १४ व्होल्टला साधारण सव्वातीन अँपिअर, चार्जरची गळती धरून साडेतीन-पावणेचार. म्हणून २२ गेजची वायर आणि ५ अँपिअरचा ब्रेकर. ब्रेकर वायर वाचवायला असतो, टॅब्लेट वाचवायला नाही. सोबत वेगळा स्विच आहे. अल्टरनेटर गेला तर पहिला बळी हाच.

बाकी काय, तर उजव्या प्लेटचं वायरिंग आणि अक्षरं. गाद्या आल्या की पुन्हा बसायचं आहे, कारण ब्लँकेटपेक्षा त्या इंचभर जाड असतील आणि सीटची पाठ मागे कलली तर प्लगच्या मानेला टेकते का ते बघायचंय. सध्या मध्ये बोटभर जागा आहे.