साय धरली की नासलं?

"नासलंय गं हे, बघ की." रविवारी सकाळी शेजारच्या काकूंनी दारातूनच बाटली माझ्या हातात दिली. काकांचं पोट साफ व्हायचं पांढरं औषध. वर बोटभर घट्ट थर, खाली पाणचट. मेडिकलवाल्याने जुनी बाटली गळ्यात मारली हे त्यांचं ठरलं होतं आणि सदाशिव पेठेत एकदा असं ठरलं की पुढे भांडायलाच जायचं असतं, पिशवी हातात तयारच होती.

मी बाटली दहा-बारा वेळा हलवली. परत एकजीव.

"नासलं नाही काकू, साय धरलीये नुसती. आणि लेबलवर 'हलवून घ्या' लिहिलंय की."

घरात आल्यावर मलाच हसू आलं, कारण बीफार्मला याच दोन गोष्टींनी माझा जीव खाल्ला होता, क्रीमिंग आणि क्रॅकिंग. तेव्हा कोणी साय आणि नासणं म्हणून सांगितलं असतं तर पाठांतर वाचलं असतं. असं औषध म्हणजे इमल्शन, पाण्यात पांगलेले तेलाचे बारीक थेंब. साय म्हणजे तेलाचे थेंब हलके म्हणून वर गोळा होतात, पण प्रत्येक थेंब आपापल्या सालीत शाबूत, हलवलं की परत पांगतात. (तापवलेल्या दुधाच्या सायीत प्रोटीनचा पापुद्रा पण असतो, पण काकूंना कुठे सगळं सांगत बसू.) नासणं म्हणजे ती सालच फाटली, थेंबात थेंब मिसळला, मग बाटली कितीही हलवा. थेंब जितका बारीक तितकी साय उशिरा, आकार अर्धा केला की वर चढायचा वेग पाव होतो, पिशवीतलं होमोजिनाइज्ड दूध तसंच ठेवलं तर वर मलई येत नाही ती म्हणूनच.

ही साल सर्फॅक्टंटची. त्याच्या रेणूचं डोकं पाण्यात रमतं आणि शेपूट तेलात, त्यामुळे तो बरोबर सीमेवर जाऊन बसतो, आणि असे असंख्य रेणू खांद्याला खांदा लावून बसले की थेंबाभोवती कुंपण. तरी कुंपण कायमचं नाही हां, तेल आणि पाणी कधी ना कधी वेगळं होणारच, एक्सपायरी डेटपर्यंत ढकललं म्हणजे जिंकलो.

कॉलेजात आम्ही हे खलात घोटून करायचो. एरंडेल ४ भाग, पाणी २, डिंक १. डिंक म्हणजे अकेशिया, आपल्या बाभळीच्या भावकीतलाच. तो तसा अस्सल सर्फॅक्टंट नाही, पृष्ठताण फार कमी करत नाही, पण थेंबाभोवती जाड चिवट पापुद्रा धरतो. आधी कोरड्या खलात तेल आणि डिंक, मग पाणी एकदम ओतायचं आणि हात न थांबवता एकाच दिशेने घोटत राहायचं, जमलं की खलातून चट् चट् आवाज येतो. सगळ्या टेबलांवरून तो आवाज यायला लागला, माझ्याकडे शांतता. मी तेल ओल्या सिलिंडरमध्ये मोजलं होतं. डिंकाच्या गुठळ्या आणि वर हा तवंग! सरांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "पाव आणायला पाठवू का कोणाला?"

तेव्हापासून मिसळीचा कट बघितला की मला व्हायवा आठवते.

डिंकाच्या पुढची मंडळी म्हणजे स्पॅन आणि ट्वीन, हे अस्सल सर्फॅक्टंट. १९४९ मध्ये ग्रिफिन नावाच्या केमिस्टने एचएलबी नावाची पट्टी मांडली, कोण तेलाकडे झुकतो आणि कोण पाण्याकडे याचा आकडा. स्पॅन ८० चा ४.३, ट्वीन ८० चा १५. खरं तर ही सख्खी भावंडं, स्पॅनलाच पाणीप्रेमी साखळ्या जोडल्या की ट्वीन, आणि एकट्यापेक्षा दोघं मिळून कुंपण जास्त दाट घालतात. आइस्क्रीमच्या पॅकवर घटकांत ४३३ नंबर दिसला तर तो हाच ट्वीन ८०. गंमत म्हणजे तिथे त्याला बरोबर उलट्या कामाला ठेवतात, चरबीचे थेंब थोडे एकमेकांना चिकटावेत म्हणून! मस्तानी पिताना मी हे एकदा घरच्यांना सांगितलं, पुढच्या वेळी मला न सांगताच गेले.

पण साय-नासणं हा प्रकार खरा अंगावर आला तो आईच्या ऑपरेशनला. ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत मी बरोबर होते आणि डॉक्टरांच्या हातात दुधासारखी पांढरी सिरिंज. प्रोपोफॉल, भूल द्यायचं औषध. हे औषध पाण्यात विरघळत नाही, १९७७ च्या पहिल्या चाचण्यांत ते क्रेमोफोर नावाच्या सर्फॅक्टंटमध्ये घालून दिलं तर काही जणांना ॲलर्जीसारखा जोरदार त्रास झाला, म्हणून ते बाजूला ठेवून इमल्शन केलं आणि १९८६ मध्ये ते बाजारात आलं. त्यात सोयाबीन तेल १०%, आणि कुंपणाला लेसिथिन १.२%. थेंब सरासरी अर्ध्या मायक्रॉनच्या आत असतात, तांबडी पेशी सातएक मायक्रॉनची, म्हणजे बघा. तेल सुटलेलं दिसलं की बाटली सरळ फेकायची, कारण मोठे थेंब फुफ्फुसातल्या केशवाहिन्यांत अडकू शकतात. गोठवायचीही नाही, बर्फाचे स्फटिक साल फोडतात.

एवढं सगळं पाठ असून मी दारात नुसती त्या सिरिंजकडे टक लावून बघत होते, तवंग आहे का म्हणून.

शुद्धीवर आल्यावर आईने पहिलं विचारलं, "ते दुधासारखं काय होतं गं? आज एकादशी आहे."

"सोयाबीनचं तेल," मी म्हटलं. लेसिथिन अंड्यातल्या बलकाचं असतं, ते अजून सांगितलेलं नाही.